दुपारी एकचं पाणी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘मॅडम, हवामान बदलाच्या क्षेत्रात तुम्ही एवढी वर्षं काढली, अनुभव लिहा. वाचकांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी.’ मी म्हटलं, अनुभव मी देते, प्रेरणा तुम्ही छापखान्यात घाला. ते हसले. मी गंमत करत नव्हते.

मी कॉलेजात भूगोल शिकवला. शहरातल्या क्रांती चौकाच्या गर्दीतून रोज जायचं, मुलांना मान्सूनचे वारे फळ्यावर काढून दाखवायचे आणि परत यायचं, असं आयुष्य छान चाललं होतं. मग वरून एक आदेश आला, की प्रत्येक नगरपरिषदेनं हवामान कृती आराखडा करावा आणि त्यासाठी जवळच्या कॉलेजातला एक तज्ज्ञ सल्लागार घ्यावा. शहराला चिकटून आमची एक नगरपरिषद आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला लग्नपत्रिका पाठवतात. शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत पोहोचलं, शहराचं पाणी अजून वाटेत आहे. तर तिला सगळ्यात जवळचं कॉलेज आमचं, आणि ज्या दिवशी प्राचार्यांनी मीटिंग घेतली त्या दिवशी रजेवर नसलेली एकटी मी. अशी मी तज्ज्ञ झाले. पद मानद होतं. मानद म्हणजे चहा आपल्या पैशानं.

अर्धा दिवस कॉलेज, अर्धा दिवस नगरपरिषद. कॉलेजात मला ‘नगरपरिषदेच्या मॅडम’ म्हणायला लागले आणि नगरपरिषदेत ‘कॉलेजच्या मॅडम’. माझं टेबल घरपट्टी विभागाच्या कोपऱ्यात लावलं. वर पाटी आली, ‘हवामान बदल कक्ष’. पेंटरनं ती हौसेनं एवढी मोठी रंगवली की मुख्याधिकाऱ्यांच्या पाटीपेक्षा मोठी दिसायला लागली. मग ती उतरवून पुन्हा बारीक अक्षरात करून घेतली. कक्षाचं पहिल्या वर्षातलं ठोस काम म्हणाल तर हेच.

माणसं घरपट्टी भरायला यायची आणि मोकळं टेबल बघून माझ्यापुढं उभी राहायची. मी त्यांना शेजारी पाठवायचे. ती मला बिनकामाची समजून निघून जायची, आणि त्यात फारसं काही चुकत नव्हतं. खास माझ्याकडं येणारं एकच गिऱ्हाईक होतं. सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी, हाजीसाहेब. त्यांचं गोदाम आमच्या हद्दीत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, इथं हवामानाच्या बाई बसतात. ते दर आठवड्याला यायचे आणि अदबीनं विचारायचे, ‘मॅडम, पाऊस कधी?’ मक्याची पोती उघड्यावर ठेवायची की ताडपत्री घ्यायची, एवढाच त्यांचा सवाल. मी त्यांना समजावलं, की चाचा, मी रोजच्या पावसाचं सांगत नाही. तीस-तीस वर्षांत हवा कशी बदलते, ते सांगते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तीस साल का रहने दो मॅडम, जुम्मेरात का बोलो.’ हवा आणि हवामान यांतला फरक मी बावीस-तेवीस वर्षं वर्गात शिकवत होते. इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नाही.

हे काम नेमकं काय असतं, ते आता सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते कधी कळलं नाही. कॉलेजातली माणसं म्हणतात, ‘शहरी उष्णतेची विषम विभागणी.’ नगरपरिषदेतली माणसं विचारतात, ‘खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा?’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. आणि दोघांपासून लांब एक पत्र्याचं घर असतं, ज्यात दुपारी घागरीतलं पाणी चुलीवर ठेवल्यासारखं तापतं. बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतलं असतं, मोकळ्या जागी, उंचावर ठेवलेल्या पांढऱ्या पेटीतलं. माणसं त्या पेटीत राहत नाहीत. माझं काम एवढंच, की पहिल्याचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं सांगायचं आणि दोघांपैकी कुणाला तरी धरून त्या पत्र्याच्या घराकडं न्यायचं. तिकडं जायला गाडी कधी मिळाली नाही.

आराखड्यात कोणत्या वस्त्या घ्यायच्या, त्याची यादी तयार झाली तेव्हा एक नगरसेवक तावातावानं आले. त्यांच्या वॉर्डाचं नाव यादीत नव्हतं. मी सांगितलं, साहेब, ज्यांना उन्हाचा जास्त त्रास होतो त्यांची ही यादी आहे. ते म्हणाले, मग आमच्याकडं काय कमी त्रास आहे? मागच्या टर्मला रस्ते असेच तिकडं गेले, आता हवामान बदल बी तिकडंच नेणार का? आमच्या वॉर्डाला बी द्या. मी दिला. त्यांनी जाहीर कार्यक्रमात माझा सत्कार केला आणि मे महिन्यात अंगावर शाल घातली.

मग एक एजन्सी नेमली गेली. नकाशे तिनं करायचे, मी ‘स्थानिक दृष्टिकोन’ द्यायचा. दोन दिवसांची कार्यशाळा फर्दापूरला एका हॉटेलात झाली, कारण उष्णतेवर विचार करायचा तर गारवा लागतो. दुपारच्या जेवणानंतर सगळे लेणी बघायला गेले. डोंगरात कोरलेल्या खोलीत गार वाटतं, हे प्रत्यक्ष अनुभवून आले, आणि ठरावात ‘पारंपरिक वास्तुज्ञानाचा अभ्यास’ हा मुद्दा वाढला. दुसऱ्या दिवशी नकाशा दाखवला. ज्या भागातल्या लोकांना उन्हाचा धोका जास्त, तो भाग लाल. धोका कमी, तो फिका पिवळा. मी बघते तर आमची प्राध्यापकांची सोसायटी लालभडक! आणि तिच्या मागं, नाला ओलांडला की लागणारी टेकडी वस्ती, जिथं सगळी पत्र्याची घरं, ती फिकी पिवळी. मी विचारलं, हे कसं काय? एजन्सीचे तज्ज्ञ म्हणाले, मॅम, धोका वयावरून ठरतो. ज्येष्ठ नागरिक जिथं जास्त, तिथं धोका जास्त. तुमच्या सोसायटीत बहुतेक सगळे निवृत्त आहेत. वस्तीत म्हातारी माणसं फारच कमी.

मी म्हटलं, वस्तीत म्हातारी माणसं कमी का दिसतात, याचा विचार केलात का? तिथं माणूस म्हातारा होईपर्यंत टिकत नाही.

ते म्हणाले, ‘मॅम, त्याच्यासाठी कॉलम नाहीये.’

मी लेखी हरकत दिली. ती परिशिष्टात गेली. परिशिष्ट म्हणजे आराखड्यातली अशी जागा, जिथं खऱ्या गोष्टी सुखरूप राहतात.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. किती दिवसांनी, ते लिहीत नाही. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत बदललेलं असेल. त्या दिवसाला आम्ही ‘पाण्याचा दिवस’ म्हणतो आणि सणासारखा पाळतो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, पाहुणे बोलावत नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांनासुद्धा सांगतात, अहो, त्या दिवशी आमचं पाणी आहे, आणि ते लगेच समजून घेतात. या दिवसाचा एक नियम आहे. साठवलेलं पाणी जपून वापरायचं. पण नळ चालू आहे तोवर हात आखडायचा नाही. म्हणून चादरी, पडदे, गोधड्या, अंगण, जिना, गाडी, जे काय जास्तीचं धुवायचं ते नळ चालू असतानाच धुवायचं. नळ गेला की धुणं बंद. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडं तो मोडलेला मी पाहिला नाही.

सोसायटी आणि टेकडी वस्ती, दोघांना पाणी एकाच टाकीतून. टाकी भरली की पाणी सोडायची पहिली चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, सोसायटीची, पहाटे पाचला. आमचं झालं की मधल्या कॉलन्यांचं, आणि सगळ्यात शेवटी, दुपारी एकला, वस्तीचं. असं का, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. सोसायटीची घरं ज्या गवंड्यांनी बांधली ते त्या टेकडीवर आमच्या आधीपासून राहत होते. पण पाइप आम्हाला आधी आला, म्हणून आम्ही आधी. आणि उन्हाळ्यात आमच्याच कक्षातून सगळ्यांच्या फोनवर संदेश जायचा: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. मजकूर माझा. त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावरच्या पाणीपुरवठा विभागाच्या हुकमानं एक वाजता वस्तीची चावी फिरायची. वरचा मजला म्हणायचा घरात बसा, खालचा मजला म्हणायचा हंडे घेऊन या.

हे माझ्या लक्षात कसं आलं, तर मंगलमुळं. मंगल टेकडी वस्तीत राहते आणि आमच्या सोसायटीत चार घरांची धुणीभांडी करते. त्यातलं एक घर माझं. पस्तिशीची असेल, रक्तदाबाची गोळी चालू. त्या उन्हाळ्यात ती नळावर रांगेत उभी असताना चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी बजावलं, की दुपारच्या उन्हात उभं राहायचं नाही, पुढच्या वेळेला उठशील असं सांगता येत नाही. हे तिनं मला भांडी घासता घासता सांगितलं, आणि हसली. ‘डॉक्टरला म्हणलं, पाणी तुमी आणून देता का?’

मी आराखडा उघडून बसले. शंभराच्या वर पानं, चकचकीत कागद, मुखपृष्ठावर हिरवं पान. हरितपट्टे होते, पांढरी रंगवायची शीत छपरं होती, जनजागृतीचे चित्ररथ होते. ‘नळ’ हा शब्द शोधून सापडला नाही. मला स्वतःचा असा राग आला, आणि मग वाटलं, राग कसला करतेस, हे तर सोपं आहे! झाडं लावायची नाहीत, छपरं रंगवायची नाहीत, निविदा नाही की निधी नाही. नुसती वेळ बदलायची. वस्तीला पहाटे पाच, सोसायटीला दुपारी एक. सोसायटीत प्रत्येक घराला जमिनीखाली हौद आहे, मोटर आहे. उन्हात उभं कुणाला राहायचंय?

पाणीपुरवठ्याचे जाधव इंजिनिअर म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या काहीच अडचण नाही. लाईनमन शेखभाईंना बोलावलं. ते म्हणाले, ‘चावीच घुमानी है ना मॅडम? पैले ये घुमाऊंगा, बाद में वो. मेरे कू क्या?’ मग जाधव साहेबांनी जरा थांबून विचारलं, पण तुमचे प्रोफेसर लोक ऐकतील का? मी छाती पुढं काढून सांगितलं, प्रोफेसर लोकांचं माझ्यावर सोडा. जाधव साहेब आणि शेखभाईंनी एकमेकांकडं पाहिलं. मी त्याचा अर्थ तेव्हा कौतुक असा घेतला.

सोसायटीची सभा भरली. मला वाटलं होतं, ही सगळी शिकलेली, शिकवलेली माणसं. अध्यक्ष निकम सर, अर्थशास्त्राचे. ‘पाण्याचं समन्यायी वाटप’ या विषयावर त्यांची व्याख्यानं मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आलेय, आणि टाळ्याही वाजवल्यात. मी सगळं मांडलं. मंगलचं सांगितलं, ती निकम सरांच्याही घरी काम करते. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग पिशवीतून आमचा छापील आराखडा काढला आणि नकाशाचं पान उघडलं.

‘मॅडम, तुमच्याच आराखड्यात आम्ही लाल आहोत,’ सर म्हणाले. ‘वस्ती पिवळी आहे. धोका आम्हाला जास्त आहे, आणि दुपारचं पाणी आम्हालाच?’

सभेत माना हलल्या. मी म्हटलं, सर, तुम्हाला उन्हात यायचंच नाही. घरात बसून मोटरचं बटण दाबायचंय. तरी एकामागून एक हरकती निघत राहिल्या. मग रसायनशास्त्राच्या एका मॅडमनी खरं काय ते सांगून टाकलं: एक ते तीन सगळे झोपतात. एवढा वेळ जागतिक तापमानवाढ, ज्येष्ठांचे हक्क, पाइपांचं आयुष्य असं काय काय निघालं होतं, आणि आतमध्ये होती ती दुपारची झोप! मला हसू आलं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, की मोटर आपोआप चालू-बंद होणारं यंत्र मिळतं, ते मी प्रत्येकाला बसवून देते. झोपा तुम्ही. तरीही सभेनं विषय ‘अभ्यासासाठी’ राखून ठेवला. आमच्या लोकांनी एखादी गोष्ट अभ्यासाला घेतली की ती गेली.

काम झालं ते भलत्याच वाटेनं. मुख्याधिकाऱ्यांना राज्यस्तरावर सादरीकरण करायचं होतं आणि दाखवायला यशोगाथा नव्हती. हरितपट्ट्यातली रोपं शेळ्यांनी खाल्ली होती. ते माझ्या टेबलापाशी स्वतः चालत आले. असं आधी कधी घडलं नव्हतं. मॅडम, बिनखर्चाचं आणि लगेच होणारं काही आहे का? मी म्हटलं, आहे. आठवड्याच्या आत आदेश निघाला.

पहिल्या दिवशी पहाटे मी वस्तीत गेले. ‘जयभीम, मॅडम’ करत बायका नळावर जमत होत्या. उजाडायच्या आत निळे ड्रम भरले, हंडे भरले, कुणी पोरांना नळाखालीच आंघोळी घातल्या. ऊन वर यायच्या आत सगळं उरकलं होतं. मंगल ओट्यावर बसून निवांत चहा पीत होती. म्हणाली, ‘लई दिवसांनी पाण्याच्या दिवशी बसून चहा पेले.’ मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगते: मला फार अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत मी लिहिलेले शोधनिबंध एकीकडं आणि तो चहाचा कप एकीकडं.

मग यशोगाथेची फिल्म करायला माणसं आली. पहाटे अंधार असतो, चित्रीकरण नीट होत नाही, म्हणून त्यांनी बायकांना दुपारी एक वाजता नळावर उभं केलं. रिकामे हंडे डोक्यावर, चेहऱ्यावर समाधान. दोनदा पुन्हा घेतलं, कारण समाधान कमी पडत होतं. मी कॉलेजात होते. नंतर फिल्म बघताना सावल्यांवरून लक्षात आलं. दिग्दर्शकाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, उजेड छान मिळाला.

हे झालं तेव्हाच मला पुढचं दिसायला हवं होतं. पण मी सादरीकरणात गुंतले होते. त्याचेच कागद घरी विसरले म्हणून एका पाण्याच्या दिवशी भर दुपारी घरी आले. एरवी त्या वेळेला मी कधीच घरी नसते. मागच्या अंगणातून आपटण्याचा आवाज येत होता. जाऊन बघते, तर धुण्याच्या दगडाशी, पार उन्हात, मंगल. डोक्यावर ओला टॉवेल, पुढं आमच्या चादरींचा ढीग, आणि पाठीमागं धो धो नळ.

मी विचारलं, तू आत्ता इथं काय करतेस? तिलाच माझं नवल वाटलं. ‘पाण्याचा दिवस हाय की, मॅडम.’

आमचे हे आतून आले आणि त्यांनी खुलासा केला. नळ चालू असतानाच मोठं धुणं काढायचं. नळ आता दुपारी चालू असतो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ठरलं, की पाण्याच्या दिवशी सगळ्या कामवाल्या बायकांनी दुपारी एकला यायचं. ग्रुप मी कधीच बंद करून ठेवला होता. त्यावर नुसत्या फुलांच्या सुप्रभाती यायच्या. ह्यांना वाटलं, मला माहीत असेल. ‘तुझंच तर वेळापत्रक आहे,’ ते म्हणाले.

म्हणजे बघा. वस्तीच्या बायका पहाटे आपलं पाणी भरत होत्या, आणि साडेबाराच्या उन्हात नाला ओलांडून येऊन चारपर्यंत आमची अंगणं, जिने आणि चादरी धूत होत्या. पूर्वी त्या नळावर तासभर उभ्या असायच्या. आता तीन तास. आणि माझ्या अहवालात त्याच वेळेला वस्तीच्या नळावर उन्हात उभ्या असलेल्या बायकांची संख्या शून्य होती, कारण मोजणी आम्ही नळावर करत होतो. अहवालात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी सोसायटीत घरोघर फिरले. म्हटलं, हौद भरून घ्या आणि धुणं संध्याकाळी साठवलेल्या पाण्यात काढा. साठवलेलं पाणी धुण्याला? लोकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवघरात चपला घालून आले. मग मी माझ्यापुरतं ठरवलं आणि मंगलला सांगितलं, माझ्याकडं तू संध्याकाळी येत जा. ती दोनदा आली. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘नको मॅडम. बाकीची तीन घरं दुपारचीच हायेत. तुमच्यासाठी पुन्यांदा नाला वलांडायचा म्हंजी दोन फेऱ्या.’ माझ्या करुणेचा तिला जास्तीचा ताप होत होता.

मेच्या अखेरीला मंगल निकम सरांच्या मागच्या अंगणात पडली. सरांच्या पत्नींनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, मला फोन केला. मी रिक्षा आणली, पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा सलाईन. डॉक्टर मला ओरडले; मला बरं वाटलं, निदान कुणीतरी योग्य माणसाला ओरडलं. ती वाचली.

सोसायटीला या प्रकारानं फार वाईट वाटलं. हे मी उपरोधानं लिहीत नाही, खरंच वाटलं. निकम सरांनी तातडीची सभा घेतली. सर उभे राहून म्हणाले, आपल्या घरी राबणाऱ्या या भगिनींना आपण भर उन्हात बोलावतो, ही शरमेची गोष्ट आहे. मला वाटलं, शेवटी माणूस शिकला. आता म्हणतील, धुणं संध्याकाळी.

सरांनी ठराव मांडला, की घरकामगार महिलांचं उन्हापासून रक्षण व्हावं म्हणून सोसायटीचं पाणी पूर्ववत पहाटे पाचला करण्यात यावं.

एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणजे माझं सोडून. अर्ज निकम सरांनी स्वतः लिहिला, आणि फार सुंदर लिहिला. समन्याय हा शब्द त्यात दोनदा होता. खाली सोसायटीच्या सगळ्यांच्या सह्या आणि त्याखाली कामवाल्या बायकांच्या. मंगलचीही होती. मी तिला विचारलं, तुला माहीत आहे ना, हे झालं तर वस्तीचं पाणी पुन्हा दुपारी जाणार? ती म्हणाली, ‘व्हय. पण सही नाय केली असती तर बाकीची तिन्ही घरं सुटली असती. मंग पाणी भरून त्यात शिजवायचं काय?’

मी मुख्याधिकाऱ्यांकडं गेले. त्यांनी शांतपणे आमचाच आराखडा पुढं सरकवला. त्यात मी मोठ्या हट्टानं घालून घेतलेलं एक वाक्य होतं: उन्हात काम करणाऱ्या महिलांच्या संरक्षणाला सर्वोच्च प्राधान्य द्यावं. त्यावर पिवळी रेघ मारलेली. ‘मॅडम, तुमचंच ऐकलंय,’ ते म्हणाले, आणि ते खरं होतं. तोवर सादरीकरण झालं होतं, बक्षिसाची ढाल आली होती, ती त्यांच्या मागच्या कपाटात ठेवली होती. शेखभाईंनी चाव्या पुन्हा जुन्या क्रमानं फिरवल्या. माझी मुदत त्या जूनमध्ये संपली. मला नारळ दिला, आणि या वेळेला शाल जरा पातळ होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, सल्लागार वगैरे काही नसताना, मी एका पाण्याच्या दिवशी छत्री घेऊन वस्तीत गेले. का गेले, ते नीट सांगता येणार नाही. एक वाजून गेला होता. नळावर रांग होती, पत्रे तापून कडकड वाजत होते. मंगल डोक्याला टॉवेल गुंडाळून आपल्या ड्रमपाशी उभी होती. गोळी घेतलीस का, विचारलं, म्हणाली घेतली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली. तिनं ती हळूच माझ्याकडं ढकलली. म्हणे मागच्या बाईच्या डोळ्यात काडी जाईल.

मी तिला म्हटलं, मंगल, मला तुझ्यासाठी काहीच करता आलं नाही गं. उलट तुला दुसऱ्यांदा पाडलं.

ती ड्रममध्ये वाकून बघत होती. मग म्हणाली, ‘नाय वो मॅडम. ऊन तिथं बी होतं आन् हितं बी हाय. पण हितं निदान मी माझं पाणी भरते.’

मला रडू यायला लागलं. इतक्या बायकांपुढं, नळावर. मी तशीच तिचा दंड धरून उभी राहिले. ती पुन्हा ड्रममध्ये वाकली, मग तिनं खाली माझ्या पायांकडं पाहिलं.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘जरा सरका. पाइपावर पाय हाय तुमचा, पाणी येईना गेलंय.’

मी सरकले.